पिकअपची पुढची ग्रील: बदलायची का घरीच रंगवायची?

कागलकडच्या एका पोरानं विचारलंय, की काका, आठ वर्षांची बोलेरो पिकअप आहे, ग्रीलवरचं क्रोम सोलटायला लागलंय, खालची एक पट्टी तडकलीय, नवीन टाकू का घरीच स्प्रे मारू, आणि ऑइल पेंट ब्रशनं लावला तर चालतंय का. आता यावर मी दोन ओळीत "मार स्प्रे" असं म्हणू शकलो असतो पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या धुरळ्यात काढल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, रंग कधी आपणहून उडत नाही भावा, खालचा पृष्ठभाग त्याला धरत नाही म्हणून तो उडतोय. त्यामुळं जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी बदलायची का रंगवायची ते ठरव. ते दिसण्यावरून ठरवायचं नाही, मागच्या लॉकवरून ठरवायचं. ग्रीलच्या मागं जे कान, खुट्या आणि लॉक असतात ना, त्यातले दोन-तीन तुटले असतील तर रंगवून काय उपयोग, ती खडखडणारच, आणि खडखडणारी ग्रील हेडलाइटच्या कडेला घासून घासून तिथला रंगही घालवतीय. कान सगळे शाबूत असतील आणि एखादीच पट्टी तडकली असेल तर दुरुस्ती होतीय. क्रोम सगळीकडनं सुटलं असेल तर मात्र माझं मत सरळ आहे, नवीन टाक. कारण क्रोम घासून काढायला जो वेळ जातोय त्यात तुझ्या दोन भाड्याच्या खेपा होतील. एक-दोन ठिकाणीच सुटलं असेल तर रंगव.

नवीन घेताना दोन प्रकार मिळतात, कंपनीची आणि डुप्लिकेट. डुप्लिकेट वाईटच असतीय असं नाही, पण तिचे कान बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटर इकडं तिकडं असतात आणि मग पोरं ती दाबून बसवतात, आठ दिवसांनी कान तुटतोय. म्हणून जुनी ग्रील काढून दुकानात घेऊन जायचं, दोन्ही पाठीला पाठ लावून लॉक मोजायचे, आणि नवीन आणल्यावर रंगवायच्या आधी एकदा गाडीवर बसवून बघायची. आधी रंगवली की दुकानदार परत घेत नाही, हे मी लोकांना सांगून सांगून दमलो. भंगारातली जुनी कंपनीची ग्रील मिळाली तर मी ती डुप्लिकेटपेक्षा आधी बघेन, कान बघून घ्यायची.

आता काढायचं कसं. गाडी थंड होऊ दे, बॅटरीची मायनस काढ, कारण बऱ्याच गाड्यांत हॉर्न किंवा त्याच्या वायरी ग्रीलच्या मागंच असतात. बॉनेट उघडून वरचे स्क्रू आणि प्लॅस्टिकची बटणं काढायची, बटण म्हणजे मधली खुंटी आधी वर ओढायची मग सगळं निघतंय, सरळ पकडीनं उपटलं तर ते गेलंच. मॉडेलनुसार खालचे स्क्रू बंपरच्या आड असतात, तसं असेल तर बंपर सैल करावा लागतोय, जोर करायचा नाही. बाजूचे लॉक लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नको, प्लॅस्टिकची पट्टी घे, नाहीतर स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळ. डिसेंबरातल्या सकाळी प्लॅस्टिक कडक असतंय, कोवळं ऊन लागू दे किंवा बायकोचं हेअर ड्रायर पाच मिनिटं मार, लॉक वाचतात. आणि एक, ग्रीलच्या मागं रेडिएटर असतोय आणि एसी असेल तर त्याच्या पुढं कंडेन्सर, त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटानं पण वाकतात, म्हणून ग्रील निघाली की लगेच तिथं पुठ्ठा लाव. बॉनेटच्या लॉकची केबल पण तिथंच असतीय, ती ओढाताणीत घसरली तर रात्री बॉनेट उघडणार नाही आणि मग मलाच फोन.

ग्रील हातात आली की पालथी कर. मागं साच्यातच उठवलेली प्लॅस्टिकच्या जातीची खूण असतीय, एबीएस, पीपी, किंवा पीपी अधिक ईपीडीएम (म्हणजे रबर मिसळलेलं पीपी) असं काहीतरी. सगळा खेळ त्या खुणेवर आहे. एबीएस रंग चांगला धरतंय. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे मेणासारखं असतंय, त्यावर साधा प्रायमर मारला तर पावसाळ्यात पापुद्र्यासारखा निघतोय, अख्खा, केळाची साल काढल्यासारखा. खूण दिसत नसेल तर मागच्या कोपऱ्यातनं नखाएवढा कपचा काढ आणि पाण्याच्या ग्लासात टाक, नुसतं पीपी पाण्यापेक्षा हलकं असतंय म्हणून तरंगतंय, एबीएस बुडतंय. पण पीपीत टाल्क, म्हणजे दगडाची पांढरी भुकटी, मिसळलेला असला की तेही बुडू शकतंय, म्हणून दुसरी परीक्षा पण करून बघ, मागच्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब, एबीएस असेल तर तिथं बोट चिकटतंय, पीपीला काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा असेल तर ॲसिटोनवाला आहे का बघून घे.

आणि इथंच मी शिकताना जी माती खाल्ली ती सांगतो. उस्तादानं ग्रील पुसून ठेव म्हणून सांगितलं, आणि मी शहाणा, हाताला लागला तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा कडक थिनर बोळ्यावर ओतून दाबून पुसलं, चांगली स्वच्छ करायची म्हणून. एबीएसची ग्रील होती. पाच मिनिटांत पट्ट्या मऊ पडल्या आणि वाळल्यावर त्यांच्यावर साबुदाण्याच्या पापडासारख्या बारीक रेषा उमटल्या. गिऱ्हाईकाला नवीन घेऊन दिली, पैसे माझ्या पगारातनं गेले. तेव्हापासून प्लॅस्टिकवर कडक थिनर नाही म्हणजे नाही.

मग धुवायचं कशानं? भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, जुना टूथब्रश घेऊन प्रत्येक पट्टीच्या खाचेत. पहिल्यांदा धुतल्यावर पाणी काळं येतंय, दुसऱ्यांदा मातकट, तिसऱ्यांदा कुठं साफ येतंय. तेवढ्यावर थांबायचं नाही, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पेंटच्या दुकानातला मेण-ग्रीस काढायचा सोल्युशन फडक्यावर घेऊन पुसायचं, एका फडक्यानं पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं, नाहीतर तेल नुसतं इकडनं तिकडं जातंय. डिझेलनं पुसू नको, डिझेलचा तेलकट थर राहतोय. आणि ज्यांनी आजवर ग्रीलवर टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश चोपडलंय त्यांनी अजून एकदा धुवा, कारण त्यात सिलिकॉन असतंय आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात, रंग तिथनं पळतोय. वरनं कितीही हात मारा, ते डोळे परत उघडतात. गावाकडं तर खोबरेल तेल, जळकं इंजिन ऑइल काय वाटेल ते लावतात, दोन दिवस चकाकतंय, तिसऱ्या दिवशी सगळा रस्त्याचा फुफाटा तिथं येऊन बसतोय. नवीन ग्रील पण धुवायचीच बरं का, साच्यातनं सुटायला लावलेला तेलकट पदार्थ तिच्यावर असतोय.

तडकलेली पट्टी. फेव्हिक्विकनं जोडशील तर ती कडक होऊन बसते, नि गाडीच्या कंपनानं पुन्हा तडकते, पीपीवर तर धरतच नाही. एबीएस असेल तर त्याच ग्रीलच्या मागच्या बिनकामाच्या जागेतनं थोडा चुरा घे, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत टाक, सकाळी पिठल्यासारखं घट्ट होतंय, ते मागनं भर आणि एक दिवस हात लावू नको. पीपी असेल तर सोल्डरिंगनं मागच्या बाजूला स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा वितळवून आत बसवायचा. हे उघड्यावर कर, तो धूर चांगला नसतोय.

क्रोमचं सांगतो कारण तुझा प्रश्न मुळात तोच आहे. प्लॅस्टिकवरचं क्रोम म्हणजे नुसतं क्रोम नसतंय, खाली तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ थर. गाडी हायवेला असली की खडी लागती, टाचणीएवढं भोक पडतंय, पाणी आत जातंय, तांबं हिरवं पडतंय आणि तिथनं फुगून सुटतंय. म्हणून सुटलेल्या क्रोमची कड उचलून बघ, आत हिरवट डाग दिसेल. ती कड ब्लेडसारखी असतीय, जाड हातमोजे घाल, मी अंगठा कापून घेतलाय. आता जे सुटलंय ते सगळं काढायचंच. कापडी टेप घट्ट चिकटवायची आणि झटक्यात ओढायची, जे येतंय ते येऊ दे, आज टेपनं आलं नाही तर उद्या रंगासकट येणार आहे. मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरनं, राहिलेलं क्रोम घास, चकाकी पूर्ण मरेपर्यंत, आणि कडा अशा उतरत्या कर की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागायला नको. ही डोळे मिटायची गंमत नाही, डोळा फसतोय, बोट फसत नाही. काही जण यूट्यूब बघून क्रोम उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिडात ग्रील बुडवतात, घरात पोरंबाळं असताना हे धंदे नकोत, ते पाणी नंतर टाकणार कुठं.

घासून झालं की परत धू, वाळव, पुस. क्रोम राहिलेल्या जागी धातू आहे हे विसरू नको, तिथं नुसता प्लॅस्टिकचा प्रायमर धरत नाही, इपॉक्सी प्रायमर लागतोय. एबीएसवर तो चालतोय, म्हणून एबीएसच्या क्रोमवाल्या ग्रीलला मी सगळीकडं इपॉक्सीच मारतो. पीपी असेल तर आधी ॲढीजन प्रमोटर, म्हणजे रंगाला प्लॅस्टिक धरायला लावणारा थर, पाण्यासारखा पारदर्शक असतोय, दोन हलके हात, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत वरचा रंग मारायचा, त्याला घासायचं नाही. प्रायमर वाळल्यावर ६०० नं पाणी लावून हलकं घास.

आता खरा रंग, आणि खरं सांगायचं तर यात सगळ्यात कमी काम आहे. ४०० मिलीचा स्प्रेचा डबा घे, काळ्याचे दोन, एकात भागलं असं वाटतंय पण पट्ट्यांच्या आतल्या कडांना बराच जातोय. कुठला काळा? माझी आवड सॅटिन, म्हणजे ना झगझगीत ना मॅट. ग्लॉसवर प्रत्येक खडीचा टोचा दिसतोय आणि मॅटवर हाताचे, किड्यांचे डाग बसतात ते निघत नाहीत. बॉडीच्या रंगाची पाहिजे असेल तर गाडीचा कलर कोड बघून रंग मिसळून देणाऱ्या दुकानातनं डबा भरून घे, अंदाजानं "पांढरा द्या" म्हणू नको, पांढऱ्यात बऱ्याच छटा असतात.

डबा दोन मिनिटं हलव, गोळीचा आवाज यायला लागल्यापासनं दोन मिनिटं, आधीची धरायची नाहीत. थंडी असेल तर कोमट पाण्यात ठेव, गॅसवर किंवा हीटरपुढं कधीच नाही. वीतभर अंतर, फवारा ग्रीलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. आधी आतल्या कडा आणि पट्ट्यांच्या खाचा, शेवटी दर्शनी भाग, उलटं केलंस तर दर्शनी भागावर खरखरीत धूळ बसणार. पहिला हात असा मार की खालचं दिसलं पाहिजे, नवीन माणसाला ते बघवत नाही आणि तो लगेच जाड हात मारतोय, मग ओघळ येतात. दहा-दहा मिनिटं थांबून तीन-चार पातळ हात. डब्यावर परत मारायची वेळ लिहिलेली असतीय, काहींवर तासाच्या आत किंवा चोवीस तासांनंतर असं असतंय, ती मधली वेळ चुकवलीस तर खालचा थर सुरकुततोय, म्हाताऱ्याच्या हाताच्या कातडीसारखा. आणि ऑइल पेंटच्या जुन्या थरावर एनसी मारू नको, तिथं पण हेच होतंय.

ब्रशनं ऑइल पेंट चालतंय का, तर कामाची गाडी आहे, लांबनं दिसतंय ठीक. पण ब्रशच्या रेषा राहतात, खाचांत रंग साचून आठवडाभर मऊ राहतोय आणि त्यात धूळ रुततीय. शेवटी गाडी तुझी.

वरनं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारणार असशील तर एक डोक्यात ठेव. साधा एक डब्याचा क्लिअर पेट्रोल-डिझेल सांडलं की मऊ पडतोय. हार्डनरवाला टू-के क्लिअर दणकट असतोय, पण त्यात आयसोसायनेट असतंय, ते फुप्फुसाला लई वाईट, तोंडाला रुमाल किंवा कोरोनातला मास्क बांधून भागत नाही, फिल्टरची काडतुसं लावलेला मास्क लागतोय. तो नसेल तर ते काम वर्कशॉपमधनं करून घे, मी आमच्यातले काही कारागीर खोकताना बघितलेत. सॅटिन काळ्याला तसं क्लिअर नसलं तरी चालतंय.

हवेचं बोलू, कारण कोल्हापुरात हेच लोकांना कळत नाही. जून ते सप्टेंबर स्प्रे घेऊ नको हातात. एकदा गणपतीच्या तोंडावर एकजण घाईला आला, उद्या गाडी पाहिजे म्हणून, बाहेर झिरमिर चालू, मीही मोहात पडलो आणि मारला. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतोय, हवेतली वाफ त्यावर बसतीय, काळी कुळकुळीत ग्रील तासाभरात भस्म फासल्यासारखी करडी झाली. ऊन पडल्यावर ८०० नं घासून दोन हात परत मारले तेव्हा सुधारली. म्हणून दिवाळीनंतरचा काळ चांगला, पण तिथं आपल्याकडची दुसरी भानगड, साखर कारखाने आणि गुऱ्हाळं सुरू असतात, शेतात पाचट पेटवतात, वाऱ्यावर काळी राख येतीय आणि पांढऱ्या ग्रीलवर नेमकी मधोमध बसतीय. त्यामुळं उघड्या अंगणात नको, पडवीत किंवा शेडमध्ये, दोन बाजूंनी वारा खेळता पण झोत नको. खाली अर्धा तास आधी हलका सडा मार, धूळ बसतीय. सकाळी दव उतरल्यावर साडेदहा-अकराला सुरू कर. आणि शेजाऱ्याची गाडी, वाळत टाकलेली धोतरं-साड्या बघून घे, स्प्रेची भुकटी वाटतंय त्यापेक्षा लांब जातीय.

लोगो राहिला. तो काढायचा असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करून मागनं मासे पकडायचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढ. खुट्या वितळवून बसवलेला असेल तर काढू नको, मास्किंग टेप लावून कडेनं ब्लेड फिरव, आणि टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधीच काढ, नाहीतर कडेचा रंग सोबत येतोय.

तुझी ग्रील जर मुळातच काळी, दाणेदार पोताची असती तर मी रंगवूच नको म्हणालो असतो. ते दाणे रंगानं भरून सपाट होतात आणि ग्रील पाट्यासारखी दिसतीय. उन्हानं पांढुरक्या पडलेल्या अशा प्लॅस्टिकला ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे प्लॅस्टिकचा काळेपणा परत आणणारं औषध, लावायचं, दोन-चार महिन्यांनी परत.

बसवताना चोवीस तास तरी जाऊ देत, आणि आठवडाभर प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुऊ नको. नंतरही सर्व्हिसिंगवाल्याला गन फूट-दीड फूट लांब धर म्हणून सांग. रात्री उसाच्या पट्ट्यातनं आलास की ग्रीलवर किड्यांचा थर असतोय, तो ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मग पुसायचा, कोरडा खरवडायचा नाही.

आणखी एक, पोरं ग्रील काढलीच आहे म्हणून मागं मच्छरजाळी लावतात, स्टायलिश दिसतंय आणि किडे अडतात म्हणून. बारीक जाळी हवा अडवतीय, त्यात धूळ नि किडे भरले की अजूनच. गावात कळणार नाही, पण भरलेली पिकअप करूळ घाटातनं किंवा आंबा घाटातनं वर काढताना टेम्परेचरचा काटा सांगेल. लावायचीच तर मोठ्या भोकाची लाव. ग्रीलच्या पुढं लोखंडी क्रॅश गार्ड पण नको, २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतंय ते. नुसती ग्रील काळी केल्यानं आरसीवरचा बॉडीचा रंग बदलत नाही, त्याची काळजी नको, मात्र लाल-निळे चमकणारे दिवे ग्रीलमध्ये बसवलेस तर पोलीस थांबवणार आणि बरोबरच थांबवणार.

बसवल्यावर हॉर्न वाजवून बघ, बॉनेट दोनदा उघडझाक कर, आणि पुढचा पुठ्ठा काढलायस का ते बघ, हसू नको, पुठ्ठा आत ठेवून उजळाईवाडीपर्यंत गेलेला माणूस मला माहीत आहे. डबा उलटा करून नुसता गॅस येईपर्यंत फवार म्हणजे नोझल तुंबत नाही, उरलेला टचअपला लागतोय. पण तो केबिनमध्ये सीटखाली टाकू नको, उन्हात बंद केबिन लई तापतीय आणि डब्यावर पन्नास अंशाच्या वर नको म्हणून लिहिलेलं असतंय.